नव्या देशात ग्लुटेनमुक्त खाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिलिअ‍ॅक (गहू, जव, राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याला इजा करते तो आजार) असलेल्या माणसानं देश बदलला की बॅगा उघडायच्या आधीच प्रश्न उभा राहतो : आज रात्री खायचं काय? कोणता डबा चालतो, कुठल्या पिठानं त्रास होत नाही, कुठे न विचारता खाता येतं, हे जुन्या जागी वर्षानुवर्षं जमवलेलं असतं. एका विमानप्रवासात ते सगळं मागे पडतं. मी यातून गेले आहे. तेव्हा मला पडलेले आणि नंतर इतरांनी मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं बरीच लांब झाली आहेत, कारण लोक जास्त चुकतात ते तिथेच.

मी इतकी वर्षं ग्लुटेन टाळतेय. मग पुन्हा नव्यानं काय शिकायचं?

बहुतेक जण खरं तर धान्य टाळायला शिकलेले नसतात, पाकिटं ओळखायला शिकलेले असतात. ‘ही बिस्किटं चालतात, तो सॉस चालत नाही’ अशी ती यादी असते. देश बदलला की पाकिटं बदलतात आणि यादी संपते. कधी कधी तर नाव आणि वेष्टन तेच असतं, पण दुसऱ्या देशातल्या कारखान्यात घटक वेगळे असतात. म्हणून ओळखीचा ब्रँड दिसला तरी त्याची घटकयादी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी वाचा.

जगात कुठेही बदलत नाही ते धान्य. ग्लुटेन गव्हात असतं, बार्लीत म्हणजे जवात असतं आणि राय या धान्यात असतं. स्पेल्ट, खपली, आइनकॉर्न, खोरासान, ड्युरम ही सगळी गव्हाचीच भावंडं. ट्रिटिकेल हा गहू आणि राय यांचा संकर. रवा, मैदा, दलिया, कुसकुस, बल्गर ही गव्हाची रूपं आणि सेतान म्हणजे तर जवळजवळ निव्वळ ग्लुटेनच. उलट तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, भगर, किनोआ, टेफ, बकव्हीट, सगळ्या डाळी आणि कंदमुळं यांत मुळातच ग्लुटेन नसतं. त्यांच्यात ते शिरतं ते दळताना, साठवताना किंवा शिजवताना. एवढं डोक्यात पक्कं असेल तर कुठल्याही देशात उभं राहता येतं.

अजून निदान झालेलं नाही, पण गहू खाल्ला की त्रास होतो. जाण्याआधीच बंद करून टाकू का?

करू नका. आधी तपासणी करून घ्या. सिलिअ‍ॅकची पहिली रक्ततपासणी, टीटीजी-आयजीए, शरीरानं ग्लुटेनविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. खाणं बंद केलं की ती हळूहळू कमी होतात आणि आजार असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीचंही, म्हणजे बायॉप्सीचंही, तसंच. तपासणीच्या आधी निदान सहा आठवडे, रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन असावं, असं डॉक्टर साधारणपणे सांगतात. सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या प्रतिद्रव्यांचं रक्तातलं एकूण प्रमाणही मोजायला सांगा. काहींच्या रक्तात तेच कमी असतं आणि मग पहिल्या तपासणीला अर्थ उरत नाही.

आधी बंद करून नंतर निदानासाठी पुन्हा गहू खायला लागणं फार त्रासाचं असतं. नव्या देशात, नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात तर ते कुणावरच येऊ नये. ज्यांनी आधीच बंद केलंय त्यांच्यासाठी एक दार उघडं राहतं : एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकीय तपासणी. तिच्यावर खाण्याचा परिणाम होत नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नक्कीच नाही. असली तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ती कितीतरी निरोगी माणसांतही असतात.

कोणते कागद सोबत न्यावेत?

रक्ततपासणीचे आकडे, बायॉप्सीचा अहवाल आणि निदान स्पष्ट लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र. शक्य असेल तर त्या देशाच्या भाषेत भाषांतर करून घ्या. ‘मला ग्लुटेन चालत नाही’ असं तोंडी सांगितलेलं नव्या डॉक्टरांना पुरत नाही. कागद नसेल तर ते पुन्हा तपासणी करायला सांगतील, म्हणजे पुन्हा गहू खाणं आलं.

हे कागद पैशांच्या दृष्टीनंही कामाचे आहेत. इटलीत 2005 च्या कायद्यानुसार निदान झालेल्यांना ग्लुटेनमुक्त अन्नासाठी दरमहा ठरावीक मदत मिळते. ब्रिटनच्या काही भागांत ग्लुटेनमुक्त ब्रेड आणि पीठ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू शकतं. कॅनडात नेहमीच्या पदार्थापेक्षा ग्लुटेनमुक्त पदार्थाला जितके जास्त पैसे पडतात, तितका फरक वैद्यकीय खर्च म्हणून करविवरणात दाखवता येतो, मात्र पावत्या आणि डॉक्टरांचं पत्र हवं. नवीन आलेल्या माणसाला या योजना लागू होतात का, हे तिथल्या आरोग्यव्यवस्थेत नाव नोंदवतानाच विचारा.

‘ग्लुटेनमुक्त’ या शब्दाचा अर्थ सगळीकडे एकच असतो ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानं 2008 साली मर्यादा ठरवली : एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन, म्हणजेच 20 पीपीएम. बरेच देश हीच मर्यादा मानतात. युरोपीय संघाच्या 2014 च्या नियमात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणजे 20 पर्यंत. तिथे आणखी एक वर्ग आहे, ‘अत्यल्प ग्लुटेन’, आणि त्याची मर्यादा 100 आहे. हा दुसरा वर्ग सिलिअ‍ॅकवाल्यांसाठी रोजच्या खाण्यातला नव्हे. अमेरिकेनं 2013 मध्ये 20 पीपीएमच्या आतच असलं पाहिजे असं ठरवलं. कॅनडातही तीच पातळी आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड जास्त कडक आहेत. तिथे ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर तपासणीत ग्लुटेन सापडताच कामा नये, शिवाय पदार्थात ओट्स किंवा माल्ट केलेलं धान्यही नको. पण त्याच नियमात ‘कमी ग्लुटेन’ असा वेगळा शब्द आहे आणि त्याची मर्यादा 100 ग्रॅममध्ये 20 मिलिग्रॅम अशी दिलेली आहे. इथे माणूस फसतो. डोक्यात 20 हा आकडा बसलेला असतो, पाकिटावर 20 दिसतो, आणि ते 100 ग्रॅममागे असल्यामुळे प्रत्यक्षात 200 पीपीएम असतं हे लक्षात येत नाही. आकड्याबरोबर तो कशामागे आहे हे नेहमी पाहा.

20 पीपीएम म्हणजे किती, याचा अंदाज असा घ्या. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम तरी ग्लुटेन असतं. 20 पीपीएमचा पदार्थ दिवसाला अर्धा किलो खाल्ला तर पोटात 10 मिलिग्रॅम जाईल, म्हणजे त्या स्लाइसचा दोनशेवा भाग. रोज एवढंच गेलं तर बहुतेकांच्या आतड्याला इजा होत नाही, असं मानलं जातं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र 90 दिवस रोज 50 मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्यात बिघाड दिसला होता. 50 मिलिग्रॅम म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग, चिमूटभर चुरा. ‘एवढ्याशानं काय होतं’ म्हणणाऱ्याला मी हाच हिशेब सांगते.

कणीस आणि त्यावर तिरपी रेघ असं चिन्ह युरोपात आणि इतरत्रही दिसेल. ते परवान्यानं मिळतं आणि त्यामागे तपासणी असते. पण कुणी स्वतःच्या मनानं काढलेलं तत्सम कणीस वेगळं. चिन्हाजवळ परवाना क्रमांक आहे का, ते पाहा.

‘ग्लुटेनमुक्त’ असं लिहिलेलंच नसेल, तर घटकयादी वाचून ठरवता येतं का?

येतं, पण त्या देशाचा कायदा काय जाहीर करायला लावतो, हे माहीत असेल तरच.

युरोपीय संघात 14 अ‍ॅलर्जन (म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ) घटकयादीत ठळक किंवा वेगळ्या अक्षरांत छापावे लागतात आणि त्यात ग्लुटेनयुक्त धान्यं येतात. म्हणजे गहू, राय, बार्ली, ओट्स यांपैकी जे असेल ते नावानं लिहिलेलं असतं. कॅनडातही ग्लुटेनचा स्रोत सांगावाच लागतो. तिथे घटकयादी वाचून खूप काही ठरवता येतं.

अमेरिकेत मात्र कायदा गहू जाहीर करायला लावतो, बार्ली आणि राय नाही. जपानमध्येही गहू सक्तीचा आहे, बार्ली नाही. त्यामुळे या देशांत ‘यात गहू आहे’ अशी ओळ दिसली नाही म्हणून पदार्थ सुरक्षित ठरत नाही. माल्ट, माल्ट अर्क, माल्टची चव, माल्ट व्हिनेगर हे शब्द शोधा. ते सहसा बार्लीपासून येतात आणि न्याहारीची सिरिअल्स, चॉकलेटं, बिस्किटं यांत लपलेले असतात. ‘गहूमुक्त’ आणि ‘ग्लुटेनमुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे इथे कळतं.

सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तयार सूप, मसाल्याची मिश्रणं, सॉसेज, खेकड्याच्या मांसासारखं दिसणारं सुरिमी यांतही गव्हाचं पीठ किंवा स्टार्च घातलेला असतो.

याउलट काही शब्द उगाच घाबरवतात. ग्लुटिनस राइस या चिकट तांदळात ग्लुटेन नसतं, नाव फक्त चिकटपणावरून पडलं आहे. मोनोसोडियम ग्लुटामेटचा ग्लुटेनशी संबंध नाही. युरोपात गव्हापासून बनलेलं ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन यांना अ‍ॅलर्जन म्हणून जाहीर करण्यातून सूट आहे, कारण प्रक्रियेत प्रथिन जवळजवळ उरतच नाही. आणि तिथल्या ‘ग्लुटेनमुक्त’ ब्रेडच्या यादीत चक्क गव्हाचा स्टार्च दिसला तर पाकीट लगेच खाली ठेवू नका. तो ग्लुटेन धुऊन काढलेला स्टार्च असतो आणि अख्खा ब्रेड 20 पीपीएमच्या आत असावाच लागतो. सिलिअ‍ॅकवाल्यांना तो चालतो. गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना मात्र चालत नाही.

मला तिथली भाषाच येत नाही. यादी वाचू कशी?

दहा-बारा शब्द पाठ करा. भाषा शिकायची ती वर्षभर शिका, पण हे शब्द विमानतळावर उतरायच्या आधी आले पाहिजेत : गहू, बार्ली, राय, ओट्स, स्पेल्ट, माल्ट, पीठ, स्टार्च, रवा, ‘अंश’, ‘मुक्त’. मोबाइलचं भाषांतर मदत करतं, पण छोट्या अक्षरांत आणि धान्यांच्या नावांत ते चुकतं. लिपी वेगळी असेल तर शब्द लिहिलेला कसा दिसतो, तेही ओळखायला शिका.

युरोपातली काही उदाहरणं देते. जर्मनमध्ये गव्हाला वाइत्सेन, बार्लीला गेर्स्टं, रायला रोगेन आणि स्पेल्टला डिंकेल म्हणतात. फ्रेंचमध्ये गहू म्हणजे ब्ले, बार्ली म्हणजे ऑर्ज, राय म्हणजे सेग्ल, स्पेल्ट म्हणजे एपोत्र. स्पॅनिशमध्ये गहू त्रिगो, राय सेन्तेनो. इटालियनमध्ये गहू ग्रानो किंवा फ्रुमेन्तो, बार्ली ओर्झो. ओर्झो नावाचा तांदळाच्या दाण्यासारखा पास्ताही मिळतो. तो बार्लीचा नसून गव्हाचा असतो, पण आपल्याला दोन्ही वर्ज्यच.

सगळ्यात जास्त गोंधळ बकव्हीटचा. इंग्रजी नावात व्हीट, जर्मनमध्ये बुखवाइत्सेन, फ्रेंचमध्ये ब्ले न्वार म्हणजे अक्षरशः काळा गहू, स्पॅनिशमध्ये त्रिगो सारासेनो, इटालियनमध्ये ग्रानो साराचेनो. सगळ्या नावांत गहू आहे आणि दाण्यात गहू अजिबात नाही. वनस्पतीच वेगळ्या कुळातली आहे. निव्वळ बकव्हीट आपल्याला चालतं. मात्र त्याच्या नावानं विकल्या जाणाऱ्या नूडल्समध्ये किंवा पॅनकेकमध्ये गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं का, ते बघावंच लागतं.

दुसरा सापळा जर्मन ‘कोर्न’ या शब्दाचा. कानाला कॉर्न म्हणजे मका वाटतो, पण त्याचा अर्थ धान्य. ‘फोलकोर्न’ ब्रेड म्हणजे अख्ख्या धान्याचा ब्रेड, आणि ते धान्य बहुधा गहू किंवा राय. मक्याला तिथे माइस म्हणतात. मी स्वतः एकदा अशाच सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दावर विसंबून ब्रेडचा घास तोंडापर्यंत नेला होता. काय चालत नाही ते लिहिलेलं कार्ड मी जवळ ठेवते, शेजारच्या अनोळखी बाईंनी त्यावरचा मजकूर वाचला होता, त्यांनी हात धरून थांबवलं. त्यांचं नाव मला कळलं नाही, पण त्या दिवसापासून मी शब्द नीट पाठ केले.

‘गव्हाचा अंश असू शकतो’ असं लिहिलेलं असेल तर?

ही ओळ बहुतेक देशांत ऐच्छिक आहे. एक कंपनी काटेकोरपणानं छापते, दुसरी त्याच प्रकारच्या कारखान्यात माल बनवून काहीच छापत नाही. म्हणून ओळ नसणं म्हणजे खात्री नव्हे. माझा नियम असा आहे : पीठ, दळलेलं धान्य, ओट्स, सुकी मिश्रणं यांच्या बाबतीत अंशाची ओळ असेल तर नको. पीठ आणि धूळ यांचा संबंधच न येणारा पदार्थ असेल तर थोडं सैल. अख्ख्या डाळी आणि तांदूळ मी ताटात पसरून निवडते आणि धुते, कारण गव्हाचा एखादा दाणा कुठेही सापडतो.

ओट्स चालतात का?

शुद्ध ओट्स बहुतेक सिलिअ‍ॅकवाल्यांना सोसतात, काहींना नाही. साधे ओट्स शेतात आणि गिरणीत गव्हा-बार्लीबरोबर मिसळलेले असतात, म्हणून ते कुठेच नकोत. युरोप आणि अमेरिकेत 20 पीपीएमच्या आतले ओट्स ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकता येतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये नाही. नव्या देशातल्या पहिल्या काही महिन्यांत तरी ते बाजूला ठेवा. त्रास झाला तर कशानं झाला, हे शोधताना एक संशयित कमी होतो.

प्रवासात आणि पहिल्या आठवड्यात काय करू?

विमानात ग्लुटेनमुक्त जेवणाचा संकेत जीएफएमएल असा आहे. तिकीट काढतानाच नोंदवा आणि प्रवासाच्या दोन दिवस आधी पुन्हा विचारून खात्री करा. तरीही दोन वेळचं खाणं जवळ ठेवा, कारण विमान चुकलं तर नोंदवलेलं जेवण त्याच विमानाबरोबर जातं. सामानात नेण्याच्या पदार्थांबाबत त्या देशाचे सीमाशुल्क नियम बघा. मांस, दुग्धजन्य पदार्थ, बिया, ताजी फळं यांवर अनेक ठिकाणी बंदी असते आणि न सांगता नेलं तर दंड होतो.

पहिल्या आठवड्यात पर्याय शोधत फिरू नका. ज्याला घटकयादीच नसते ते खा : तांदूळ, बटाटे, अंडी, भाज्या, फळं, डाळी, मासे, साधं मांस, दूध. कंटाळवाणं वाटेल, पण डोकं शांत राहतं. पाकीटबंद ब्रेड आणि बिस्किटं दुसऱ्या आठवड्यात शोधली तरी चालतात.

दुसऱ्यांबरोबर राहतो. स्वयंपाकघर एकच आहे. कसं निभवायचं?

नव्या देशात आलेल्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते, आणि लाजेपोटी न बोलल्यानं सर्वात जास्त ग्लुटेन इथेच पोटात जातं.

ग्लुटेन हे प्रथिन आहे, जंतू नव्हे. उकळल्यानं, तळल्यानं, भाजल्यानं ते नाहीसं होत नाही. हाताला चोळायच्या सॅनिटायझरनंही जात नाही. साबण, पाणी आणि घासणं, एवढंच चालतं. म्हणून स्टीलची आणि काचेची भांडी नीट घासली की वापरता येतात. लाकडी पोळपाट, लाकडी चमचे, भेगा पडलेली कापायची फळी, पास्ता गाळायची चाळणी, ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा आणि टोस्टर यांत कण अडकून राहतात. हे तुमचे वेगळे हवेत. पैसे हातात येतील त्याप्रमाणे घ्या, पण पहिल्या दिवशी चाळणी, फळी आणि भांडी घासायचा स्पंज तरी घ्या. स्पंज सगळे विसरतात.

तुमचा कप्पा वरचा असू दे. पीठ आणि चुरा खाली पडतो, वर चढत नाही. लोणी, जॅम, चटणी यांच्या बरण्यांवर तुमचं नाव लिहा, कारण ब्रेडवर फिरलेली सुरी पुन्हा बरणीत जाते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कुणी पीठ मळत असेल, चाळत असेल तर त्या वेळी तिथे स्वयंपाक करू नका. धूळ खाली बसू दे, मग ओटा पुसून घ्या.

सोबत राहणाऱ्यांना पहिल्याच संध्याकाळी सांगा. ‘मला आवडत नाही’ असं सांगू नका, ‘मला आजार आहे, आणि कणभरानंही आतडं बिघडतं’ असं सांगा. पहिली सूचना लोक विसरतात. दुसरी लक्षात ठेवतात, आणि पुष्कळदा मदतही करतात.

बाहेर खाताना नेमकं काय विचारायचं?

‘हे ग्लुटेनमुक्त आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर फार सहज मिळतं. वाढणाऱ्याला तो शब्द कधी एखाद्या फॅशनचा वाटतो, कधी नीट माहीतच नसतो. असे प्रश्न विचारा की उत्तर द्यायला त्याला आत जावं लागेल. हे कशात तळता, त्याच तेलात पावाचा चुरा लावलेलं काही तळता का? हा भात कशाच्या पाण्यात शिजतो? सॉस घट्ट करायला काय घालता? ग्लुटेनमुक्त पास्ता वेगळ्या पाण्यात उकळता का? एका हॉटेलात मी शेवटचा प्रश्न विचारला आणि स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन म्हणाला, ‘नाही, पाणी तेच असतं. तुम्ही हे खाऊ नका.’ त्या माणसावर मी आजही विश्वास ठेवते आणि तिथे दुसरा पदार्थ खाते.

स्थानिक भाषेत छापलेलं कार्ड जवळ ठेवा. मजकूर साधा असावा : ‘मला सिलिअ‍ॅक हा आजार आहे. गहू, बार्ली, राय, त्यांचं पीठ, माल्ट आणि साधा सोया सॉस मला चालत नाही. त्याच तेलात, त्याच पाण्यात, न धुतलेल्या भांड्यात केलेलंही चालत नाही. तांदूळ, मका, बटाटे, अंडी, भाज्या, मासे आणि मांस चालतं.’ काय चालतं ते लिहायला विसरू नका. स्वयंपाक्याला नकारांची यादी दिली की तो घाबरतो, वाट दाखवली की तो काहीतरी करून देतो. मजकूर ती भाषा मातृभाषा असलेल्या कुणाकडून तपासून घ्या.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये खाद्यगृहांनी अ‍ॅलर्जनची माहिती देणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथे विचारणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच बनवून तिथेच पाकीटबंद केलेल्या पदार्थांवरही पूर्ण घटकयादी असावी लागते.

औषधांचं काय?

गोळ्यांमध्ये भरण म्हणून स्टार्च असतो. तो बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा, पण क्वचित गव्हाचाही. नव्या देशात तेच औषध दुसऱ्या कंपनीचं मिळतं, म्हणून प्रत्येक वेळी औषधविक्रेत्याला विचारा. स्वतःच्या मनानं औषध बंद मात्र करू नका.

बिअर, वाइन वगैरे?

साधी बिअर बार्लीची, म्हणून नको. बिअर आंबवून आणि विकरं (एन्झाइम) घालून ‘ग्लुटेन कमी केलेली’ म्हणून विकतात, तीही मी टाळायला सांगेन, कारण तुकडे झालेलं ग्लुटेन तपासणीत नीट मोजता येत नाही. वाइन चालते. ऊर्ध्वपातन केलेल्या मद्यात, ते गव्हाचं असलं तरी, प्रथिन येत नाही. नंतर चव घातलेली असेल तर घटक बघा.

कुणी प्रेमानं जेवायला बोलावलं तर?

नव्या देशात पहिलं आमंत्रण येतं तेव्हा मन भरून येतं, आणि त्याच क्षणी पोटात गोळाही येतो. आमंत्रण नाकारू नका. त्याच दिवशी, हो म्हणतानाच, आजाराबद्दल सांगा. जेवायच्या टेबलावर सांगितलं तर यजमान ओशाळतात. ‘मी माझा डबा आणेन, मला तुमच्याबरोबर बसायचं आहे’ हे वाक्य मी अनेकदा वापरलं आहे आणि त्याचा राग कुणाला आलेला मी पाहिला नाही. कुणी खास तुमच्यासाठी करायचं ठरवलंच, तर भाजलेले बटाटे, साधी भाजी, कोशिंबीर असं काही सुचवा आणि शक्य असेल तर ओट्यापाशी जाऊन हात लावा. भांडी आणि चमचे आपोआप नजरेखाली येतात.

आणि यजमानांनी कष्टानं केलेला पदार्थ न चालणारा निघाला तर ‘एक घास’ म्हणून खाऊ नका. मन राखायला खाल्लेला तो घास आतड्याला वेगळा कळत नाही.

मूल शाळेत जाणार आहे.

प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या, डॉक्टरांच्या पत्रासह. वाढदिवसाचा केक वर्गात येतोच, म्हणून शिक्षकांकडे न बिघडणाऱ्या खाऊचा एक डबा कायम ठेवा. खेळायची पिठाची माती बाजारात मिळते ती सहसा गव्हाच्या पिठाची असते. लहान मूल हात तोंडात घालतं, हे आवर्जून सांगा.

चुकून खाल्लं गेलं. आता?

ते शरीरातून ‘काढून टाकणारं’ कुठलंही चूर्ण किंवा गोळी नाही. तसं सांगून विकलं जाणारं काही घेऊ नका. पाणी प्या, हलकं खा, झोपा. त्रास काही तासांत सुरू होऊन काही दिवस टिकू शकतो. सतत उलट्या, रक्त, चक्कर असं काही झालं तर डॉक्टरकडे जा. आणि बरं वाटल्यावर काय खाल्लं होतं ते लिहून ठेवा. एका चुकीमुळे महिन्यांची मेहनत वाया जात नाही, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. पुढचं जेवण नीट करा.

इथला गहू खाल्ला आणि काहीच झालं नाही. इथला गहू वेगळा आहे का?

हा प्रश्न मला सर्वात जास्त काळजीत टाकतो. कुठल्याही देशाचा, कुठल्याही जातीचा, जुन्या वाणाचा किंवा सेंद्रिय गहू असला, तरी त्यात ग्लुटेन असतं. आंबवून केलेल्या पारंपरिक ब्रेडमध्येही ते पुरेसं उरतं. सिलिअ‍ॅकमध्ये लक्षणं आणि नुकसान बरोबर चालत नाहीत. कित्येकांना पोटात काहीच जाणवत नाही आणि आतड्याचं आतलं अस्तर सपाट होत जातं. पुढे रक्तक्षय होतो, हाडं ठिसूळ होतात. ज्यांना सिलिअ‍ॅक नाही, फक्त गव्हानं पोट बिघडायचं, त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो. गव्हातल्या फ्रुक्टान या शर्करेमुळेही अनेकांना गॅस होतो. पण निदान झालेलं असेल तर दुसऱ्याच्या त्या अनुभवावर तुमचं ताट ठरवू नका.

तिथे गेल्यावर डॉक्टरकडे कधी जायचं?

पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा आणि टीटीजी करून घ्या. जुन्या आकड्याशेजारी नवा ठेवला की खाण्यात कुठे ग्लुटेन शिरतंय का, ते कळतं. आकडा चढला असेल तर आधी सॉस, मसाल्याची मिश्रणं आणि सामायिक टोस्टर तपासा. नंतर वर्षातून एकदा. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12, फोलेट आणि ड जीवनसत्त्व बघायला सांगा. ग्लुटेनमुक्त ब्रेड आणि पिठांत लोह आणि बी गटातली जीवनसत्त्वं बहुधा घातलेली नसतात आणि तंतूही कमी असतात. हाडांची घनता कधी मोजलेली नसेल तर त्याबद्दल विचारा. आणि आईवडील, भावंडं, मुलं यांना तपासून घ्यायला सांगा, ती मागे जुन्या देशात राहिली असली तरी. अशा जवळच्या नातेवाइकांमध्ये साधारण दहातल्या एकाला हा आजार असतो, आणि पुष्कळांना तो असल्याचं माहीतच नसतं. माझ्या घरात दुसरं निदान असंच, फोनवरच्या एका आग्रहातून झालं.